तक्त्याचा खालचा भाग

एकतीस वर्षं तो तक्ता मी
मूत्रपिंडापर्यंतच उघडला.
त्याच्या खाली सुतळीची गाठ.

यावलची शाळा, दहावी ब.
छडीचं टोक कवटीतल्या वाटाण्यावर: ही पीयूषिका.
गळ्याशी बसलेलं फुलपाखरू: अवटू.
मूत्रपिंडांवरच्या तिरप्या टोप्या: अधिवृक्क.
"ह्या ग्रंथींना नळी नसते. जे आहे ते थेट रक्तात."
मागच्या बाकावरून धनसिंग बारेला:
"सर, ठिबकसारखं?"
"नाही रे, ठिबकला नळी लागते.
इथे पाट नाही, चारी नाही,
पाणी सगळ्या शिवारात फिरतं
आणि ज्या केळीचं असेल तीच पिते."

एवढं चांगलं सांगता यायचं मला.
मग घंटेच्या दोन मिनिटं आधी
"पुढचं पान घरी वाचून घ्या."
मुली वहीतली समासाची रेघ पुन्हा आखायच्या.
मुलांनी ते पान जूनमध्येच
वाचून वाचून मळवलेलं.

जळगावचे डॉक्टर तरुण. इंग्रजीत बोलत होते.
मी म्हणालो, "म्हणजे पुरःस्थ ग्रंथी."
"काय?" ते म्हणाले.
मग कागदावर त्यांनी गोल काढला,
तिचा खुराक बंद करायचा, म्हणाले,
त्यासाठी दोन्ही काढावी लागतील.
"दोन्ही काय?" द्वारकाने विचारलं.
डॉक्टर टेबलावर पेन शोधू लागले.
पेन त्यांच्या हातातच होतं.

"वृषणं," मी म्हणालो.
आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने,
पोटफोड्या ष सकट.

आता अंगात वाफ उठते, वेळ न सांगता.
मे महिन्याचे पंचेचाळीस अंश वेगळे,
ते सगळ्या गल्लीचे असतात.
ही छातीतून निघते, कानांच्या पाळ्यांपर्यंत जाते
आणि बनियन भिजवून परत फिरते.
दाढी तीन दिवसांनी केली तरी चालते.
परवा केळीचा भाव पडल्याची बातमी ऐकून रडलो.
आमच्याकडे केळी नाही.

पौषात भरिताचा बेत होता.
बामणोदची वांगी, कापसाच्या काड्यांचा जाळ,
सगळे शेकायला सरकलेले
आणि मी दूर विहिरीच्या कठड्यावर, शर्ट काढून.
"सरांना काय झालं?" कुणीतरी म्हणालं.
बडगीत वांगी ठेचता ठेचता,
मान वर न करता, द्वारका बोलली,
"मले बी असंच होये. सात वर्सं."

सात वर्षं.
तेव्हा मी म्हणायचो, खिडकी उघड.
आणि दुसऱ्या दिवशी वर्गात
संप्रेरकांचा समतोल, थोडक्यात लिहा, गुण दोन.

मागच्या आठवड्यात हबीब तडवी सायकलवरून आला.
"सर, रद्दीत चालला होता."
कॅलेंडरच्या खिळ्याला तक्ता टांगला.
सुतळीची गाठ दगड झालेली.
द्वारकाने केसातला आकडा काढला,
दातांत जीभ धरून, धागा धागा उकलला.

वरचा माणूस उन्हाने विटलेला,
फुलपाखरू तर दिसेना.
खालचा मात्र कालच छापल्यासारखा:
लाल, निळा, रेतवाहिनीचं ते लांब वळण
जे मूत्राशयाला उगीच वळसा घालून येतं,
अधिवृषणाची गुंडाळी,
आणि कुणीच न वाचलेली बारीक अक्षरं.

तिने चष्मा लावला.
छडी नव्हती. मी बोटानेच दाखवलं, एकेक,
हे इथून निघतं, हे इथे थांबतं.
"अन् तुमच्यात आता हे नाही?"
"हे नाही."
"बरं."
ती आणखी जवळ गेली,
निळ्या रेषेवरून नख फिरवलं.
मग म्हणाली, "अन् बाईचा तक्ता कोठी हाये?"

होता.
कपाटात, वरच्या फळीवर, कारखान्याच्या कागदात.
त्याची सुतळी मी सोडलीच नव्हती.