बाहेरचा बाक

खोली नंबर अकराच्या काचांना मी काळा कागद लावला.
ऊन किती, आभाळ किती, आत कळायला नको.
भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तर मागे फिकट गोल राहिला;
त्याच्याकडेही कुणी बघत बसेल
म्हणून तोही चुन्यानं पुसला.
पंखा तीनवर. खुर्ची एकच, हात नसलेली.
काळ्या घोड्यावरून जाणाऱ्या वरातींच्या तारखा
बँडवाल्याकडून वहीत उतरवून आणल्या,
त्या दिवशी प्रयोग बंद.

निरर्थक अक्षरजोड्या वीस.
मराठीत एकीलाही अर्थ नाही, कोश उघडून पाहिलं.
पहिल्याच दिवशी नडियादची एक मुलगी फिसकन हसली.
'भोट' म्हणजे तिच्याकडे बावळट.
दांडिया बाजारातला माझा जन्म,
घरात मराठी, उंबऱ्यापलीकडे गुजराती,
आणि कोश मात्र मी एकच उघडला होता.

माझा आवाज सोमवारी एक असतो, शुक्रवारी दुसरा,
म्हणून सूचना टेपवर भरल्या.
दोन कॅसेट, वरून सारख्याच.
एक सांगायची, ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे.
दुसरी सांगायची, हा नुसता सराव.
कानात हेडफोन. कुणाला कुठली लागली, मलाही ठाऊक नाही.
चिठ्ठ्या लायब्ररीतल्या विश्रामनं काढल्या.
करकरे बाई म्हणाल्या, तुझी भुवईसुद्धा उत्तर सांगते,
तेव्हा मी पडद्यामागे गेले.

तिसऱ्या आठवड्यात आकडे मांडले.
सकाळचे भ्यायले, हवे तेवढे, हवे तिथे.
दुपारचे भीतच नव्हते.
परीक्षेची कॅसेट ऐकूनही
चौदा-चौदा जोड्या आठवत होत्या त्यांना.
जेवण असेल, म्हणून सगळ्यांना दोन-दोन बिस्किटं दिली.
झोप असेल, म्हणून झोपेचे तास विचारले.
उकाडा असेल, म्हणून थर्मामीटर टांगला.
दुपार तशीच राहिली, निवांत.

मग एकदा शाईची बाटली आणायला दार उघडलं.
बाहेरच्या बाकावर पुढचा मुलगा, गुडघे हलवत.
बारानंतरच्या पाळीचे मफतभाई
माठातून पाणी घेऊन त्याच्यापुढे उभे:
'कांई नथी, दीकरा. अंदर एक बेन छे, बस.'
काही नाही. आत एक ताई आहे, एवढंच.
गुडघा थांबला.
मी दार लोटलं, शाई न घेताच.

बाई म्हणाल्या, हा बाह्य चल.
एकतर काढ, नाहीतर सगळ्यांना सारखा दे.
सारखा द्यायचा म्हणून मी कार्ड लिहून दिलं,
तेच शब्द, त्याच क्रमानं, मध्ये घोटभर थांबायची खूणसुद्धा.
मफतभाई सकाळीही येऊ लागले.
चष्मा लावून, ताठ उभे राहून वाचायचे,
रेशनच्या दुकानातली नोटीस वाचावी तसं.
पाण्याला कुणी हात लावेना.
दुपारही भ्यायला लागली.

शेवटी काढलं. अर्ज दिला,
त्यांची खुर्ची लायब्ररीच्या फाटकाशी गेली.
काय चुकलं, त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही; सांगितलं असतं
तर त्याचाही कशावर तरी परिणाम झाला असता.
मग आलेख सुतासारखा सरळ आला.
पान एकशे बाराच्या तळटीपेत एक ओळ आहे:
'प्रतीक्षास्थळाची परिस्थिती नियंत्रित केली.'

तोंडी परीक्षेच्या दिवशी
त्याच बाकावर मी बसले होते.
आत तिघं, दार बंद, कुणीतरी खोकत होतं.
माझे गुडघे मला दिसत होते.
फाटकाकडून मफतभाई आले, पेला घेऊन.
तोंड उघडलं त्यांनी, आणि मिटलं.
कार्ड नव्हतं ना जवळ.
पेला तेवढा पुढे धरून उभे राहिले,
नजर जमिनीवर, भुवईसुद्धा न हलवता.

मी प्यायले.
त्या दिवशीचे माझे गुण
कुठल्याही तक्त्यात धरू नयेत.