ओठांची हजेरी

उद्यमनगराच्या मागल्या अंगाला आमची महापालिकेची शाळा.
पटांगणाला एक भिंत, भिंतीपल्याड लेथ.
साडेदहाला मी "सावधान" म्हणतो
आणि पलीकडं कुणीतरी जॉबला टूल टेकवतं.
लोखंड किंचाळतं, मग राष्ट्रगीत सुरू होतं.

मी पी.टी.चा मास्तर. बावीस वर्षं गळ्यात शिट्टी.
जूनमध्ये हेडसरांनी बोलावून घेतलं:
"सातवी ब. तिसरी रांग. केझिया आवळे.
पोरगी राष्ट्रगीताला तोंड उघडत नाही.
लक्ष ठेवा. लिहून ठेवा."

तर मी वही घातली.
तारीख, वार, आणि एक रकाना: ओठ.

सोमवार. बंद.
मंगळवार. बंद.
बुधवारी तिच्या नाकावर माशी बसली,
उठली, परत बसली.
पोरगी हलली नाही.
टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, नजर झेंड्याच्या काठीवर,
बावीस वर्षं मी सगळ्या शाळेला शिकवतोय
आणि कुणालाच जमलं नाही
ते सावधान.
पण त्याचा रकाना मला आखायला सांगितला नव्हता.

तिच्या पुढच्याच रांगेत आयुब शिकलगार.
त्याच्या जयघोषानं पत्र्यावरचे पारवे उठतात,
मानेची शीर दोरीसारखी तटतटते.
एकदा घसा बसला होता त्याचा.
म्हटलं, "आज राहू दे, लगा."
म्हणाला, "नको सर. आई म्हणती,
तुझा आवाज सगळ्यांत मोठा आला पायजे."
का, ते मी विचारलं नाही.
मी पण ह्याच गावात पेपर वाचतो.

आयुबसाठी कुणी वही घालायला सांगितली नाही.

ऑगस्टच्या शेवटी केझियाच्या बापाला बोलावणं गेलं.
दाविद आवळे, टर्नर. कामावरनंच आला,
केसात लोखंडाचा कीस चमकत होता.
खिशातनं एक घडी काढली,
झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला ऑइलची बोटं.
"केरळातली तीन पोरं होती, सर.
ती बी अशीच उभी राहायची, गायची न्हाईत.
शाळेनं काढली.
सगळ्यात वरच्या कोर्टानं परत वर्गात बसवली."

हेडसर म्हणाले, "ते केरळ.
हे शाहू महाराजांचं कोल्हापूर आहे."

"म्हणून तर हितं शाळेत घातली की, सर."

पंखा फिरत होता. चहा आला, कुणी उचलला नाही.
मग शिक्षण समितीचे साहेब जरा पुढं सरकले,
आवाजात गूळ घालून म्हणाले,
"बाळ, आपण मधला मार्ग काढू.
गाऊ नकोस. नुसते ओठ हलव.
त्यात काय जातंय?"

केझियानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.
"मग ते दोघांशी बी खोटं हुईल, सर."

दोघं कोण, ते कुणी विचारलं नाही.

"मास्तर, वही."
मी उघडली.
एकोणपन्नास दिवस. बंद, बंद, बंद,
माझंच अक्षर, शिस्तीत, खाली खाली उतरलेलं.
वाचता वाचता थांबलो.
एकोणपन्नास दिवस रोज बावन्न सेकंद
माझे डोळे तिसऱ्या रांगेत होते.
झेंडा कुठं होता?
आणि मी गात होतो का?
आठवून बघितलं.
जूनपासनंचं एकही कडवं जिभेला आठवेना.

"काय झालं, मास्तर?"
"काही नाही," म्हटलं. "अक्षर लागत नाही."

विषय पुढच्या बैठकीला ढकलला.
ती बैठक अजून व्हायचीय.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या रांगेकडं पाठ केली,
झेंड्याकडं तोंड करून गायलो,
बेसूर, मध्ये एका ओळीला अडखळलो देखील.
माझ्या मागं एक पोरगी गप्प उभी होती,
एक पोरगा शीर ताणून ओरडत होता.
केझियाचं कोर्टानं सांगून ठेवलंय.
आयुबला "हळू म्हण" असं सांगायचा कागद
अजून कुणाच्या खिशात सापडलेला नाही.

वही आहे खेळाच्या कपाटात,
चेंडूत हवा भरायच्या पंपाखाली.
हेडसर मधनंमधनं मागतात.
शोधतो म्हणतो.