सोयाबीन, पिवळे, क्विंटलमागे

आधी ते विचारते जिन्नस.
मग बाजार. मग कुठून कुठवर.
रोजचा भाव, आठवड्याचा, की महिन्याचा.
मी भरते : सोयाबीन, पिवळे. इंदूर, छावणी.
एक जानेवारी एक्क्याण्णव ते काल. रोजचा.
बटण दाबून चहाला उठावे
तर कप भरायच्या आत
इतकी सगळी वर्षे येऊन बसलेली पडद्यावर,
किमान, कमाल, सर्वसाधारण,
पाहुण्यांसारखी, चपला न काढता.

हैदराबादहून प्रणीतचा फोन :
ताई, दर महिन्याला एक भोक आहे,
एकोणतीस दिवसांनी, कधी तीस.
तुमच्याकडचा सर्व्हर पडतो का?
म्हटले, चंद्र पडतो.
अवसेला मंडी बंद असते आमची.
हमाल नाही, तोल नाही, बोली नाही.
तो जरा गप्प. मग म्हणाला,
हे कुठल्या कॉलममध्ये टाकू?

त्याने एक सोय करून ठेवलीय :
रिकामा दिवस दिसला
की आदल्या दिवसाचा आकडा खाली ओढायचा.
एक टिचकी, आणि साऱ्या अवसा उजळल्या.
मी टिचकी मागे घेतली.
का, ते तेव्हा सांगता आले नसते.

भोकांचे तरी सोपे असते.
मला अडवले भरलेल्या दिवसांनी.
मे त्र्याण्णव, तीन ते तेरा :
किमान सातशे बेचाळीस,
कमाल सातशे बेचाळीस,
सर्वसाधारण तेच.
नऊ तारखेला रविवार होता.
रविवारीसुद्धा सातशे बेचाळीस.
चौदाला एकदम आठशे एकतीस.

कुणाच्या तरी अहवालात या पठाराला
बाजाराचा संयम म्हटलेय,
आणि पुढच्या कड्याला परदेशी मागणी.
तळटीपही आहे.

स्कॅन केलेल्या वहीत
अकरा दिवस एकाच शाईचे,
खाली सही, रा. प्र. मंडलोई.
ते राऊला सापडले, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमागे,
खाटेवर लसूण सोलत.
कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला,
आणि सगळ्या हिरड्यांनी हसले.
‘छोरी को ब्याव थो नी, बाई.’

सचिवाने रजा दिली नव्हती.
मग एका रात्री कंदील घेऊन बसले,
अकरा दिवस आगाऊ लिहिले
आणि गावी गेले मांडव घालायला.
आणि खरा भाव?
सोयाबीनचा? आता कुठला आठवायला.
पण साखर साडेनऊने घेतली होती,
तूप ब्याऐंशी, आणि डबा वजनात धरला चोराने,
पत्तल शेकडा बावीस,
बँडवाला साडेचारशे, वर धोतरजोडी.
हळद सांगलीची हवी म्हणून व्याही अडले,
तिचे सहा रुपये जास्त.
थांबतच नव्हते. पाठीमागची कोरी बाजू
मी भरत गेले, मग समास,
मग माझा तळहात.

संध्याकाळी प्रणीत म्हणाला, मग ते अकरा पुसू?
पूस.
कारण निवडायला लागेल, ताई.
यादी उघडली : सुट्टी. संप. आवक नाही. इतर.
मी इतर निवडले.
ते पुन्हा विचारते, नक्की?
ते सगळ्यांनाच विचारते.

आता आलेखात तिथे रेघ तुटते,
आणि अकरा दिवसांनी भलत्याच उंचीवर सुरू होते.
त्या अहवालवाल्यांचे पत्र येईल.
आले की बघू.
साखर, तूप, पत्तल, बँड
माझ्या टेबलाच्या खणात आहेत,
त्यांना बाजाराचा कोड नाही.
हळदीचे सहा रुपये तळहातावर होते,
ते राऊहून येताना
स्कूटरच्या मुठीला लागून गेले.

काल रात्री प्रणीतचा निरोप :
ताई, उद्या अवस ना?
पंचांगाचे ॲप घेतलेय त्याने.