करंगळी

माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे.
ती भिकू नाचणकरची.
अडतीस साल, बोरीबंदरचं मैदान,
लेगब्रेक समजून मी सरकलो, चेंडू आत आला.
रक्त बघून तो म्हणाला,
"सांगायचं राहिलं रे. आज नवा टाकला एक."

नवरोज मिलच्या मस्टरवर त्याचं नाव सायझिंग खात्यात.
पगार पस्तीस रुपये, विकेटमागे आठ आणे,
पाच काढल्या तर पेस्तनजी कॅशियरकडून
बनमस्का.
सायझिंग खातं कुठल्या मजल्यावर
हे त्याला सात वर्षं माहीत नव्हतं.
सकाळी अंगठा उठवायचा, दहाला मैदानावर.
त्याच्या वाट्याचं सूत खात्यातली माणसं ओढायची
नि शनिवारी दोरीबाहेर उकिडवी बसून
त्याच्याच नावानं ओरडायची.

चार पावलं. चौथ्याला जीभ बाहेर.
मला एवढंच दिसायचं,
जीभ, मग मनगट,
मग पायाशी धूळ.
बँकेच्या टीमचा उंच कॅप्टन, विलायती स्वेटरवाला,
एकाच दिवशी दोनदा तसाच गेला
आणि दोन्ही वेळा खेळपट्टीकडे बघत बसला,
जणू तिनं काही बोलायला हवं होतं.

माहीमच्या मिलनं पंचेचाळीस देऊ केले, वर खोली.
गेला नाही.
का, विचारलं तर म्हणे,
"तिकडचा कीपर स्टंपांपासून लांब उभा राहतो."

चव्वेचाळीसच्या डिसेंबरात खांदा गेला.
काही मोडल्याचा आवाज नाही,
चेंडू नुसता पोचेनासा झाला.
हाडवैद्यानं मैदालकडीचा लेप घातला, दोन महिने.
मग एका सोमवारी अंगठा उठवून
तो नेहमीसारखा फाटकाकडे वळला,
तर टाइमकीपरनं हाक मारली,
"नाचणकर, जिना तिकडं."

मस्टर तेवढं खरं झालं.

तिथं खळ शिजते, दिवसभर वाफ.
त्याच्या अनामिकेच्या पेरावर शिवणीनं पडलेला घट्टा होता,
बोराच्या बीएवढा;
पोरांना त्यावर विडी विझवून दाखवायचा.
महिन्याभरात मऊ पडला, सोलून निघाला.
चहाच्या सुट्टीत माझ्या फिटरखात्यात आला,
"बघ, गेला."

मी बोट हातात घेऊन बघितलं.
बाळंतघरातल्या पोराचं असावं तसं, गुलाबी.
बोलणार काय?
माझी करंगळी पुढं केली.
त्यानं ती धरली,
सरळ होते का म्हणून
जरा ओढून बघितली.