दोरासकट

नायगावच्या म्युनिसिपल शाळेत रात्री आठला
तिसरीच्या बाकांत ज्यांचे गुडघे मावत नाहीत
अशी माझी मुलं येऊन बसतात.
मी काडेपेटी घेते, खडू घेते.
खडू पेटीत : इन. पेटीवर : ऑन. पेटीखाली : अंडर.
निघालाय, अजून पोचला नाही : टुवर्ड्‌स.
"शिरताना इंटू, शिरून बसला की इन."
मागून कुणीतरी म्हणतं,
"म्हणजे पागडी मोजताना इंटू, मोजून झाली की इन."
वर्ग हसतो. बरोबर आहे, मी म्हणते.

मग सांगते,
आपल्यात नाव आधी येतं, जागा मागून येऊन चिकटते,
आणि चिकटू देण्याआधी नावाला थोडं वाकावं लागतं.
घोडा, घोड्यावर. पाणी, पाण्यात. माणूस, माणसापाशी.
इंग्रजीत नाव ताठ.
जागाच पुढे होऊन दार उघडते, लिफ्टमनसारखी.
ऑन म्हटल्यावर कशावर ते कळत नाही अजून,
नुसतं वर असल्याचं कळतं.

"त्ये ठाऊक हाय मला."
यल्लप्पा. महिनाभरात पहिल्यांदा बोलला.
सांगोल्याचा. लोअर परळला टॉवरच्या काचा धुतो,
एकतीस मजले, दोराला बसून.
"सकाळी खाली बघायचंच न्हाई. नुसतं वर असायचं."

व्हेअर आर यू? मी विचारलं.
"आय ॲम ऑन द ग्लास."
काचेवर माशी असते, तू आउटसाइड.
"बाई, आत मीटिंग असती. मी साबण लावतो, पुसतो,
आन् ती माणसं माझ्यातनं समुद्र बघत्यात.
त्येला काय म्हणायचं?"
थ्रू.
त्यानं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

सगळे गेले तरी तो थांबला.
न सांगता फळा पुसला,
डावीकडून पट्टा, मग पुढचा पट्टा, कोपरा न सोडता.
मग दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.
मेव्हण्याचा. बिरुदेवचा. मार्चमधला.
अपघाताच्या रकान्यात एकच ओळ टाइप केलेली :
आधी नाव, मग फेल, मग ऑफ, मग द रोप.

"ह्यो ऑफ म्हंजे?"
वरून निसटून, मी म्हटलं. दोर जागेवर,
माणूस सुटला. म्हणजे त्याच्या हातून चूक.
"दोर जागेवर नव्हता," तो म्हणाला.
"वरचा हूकच निघाला. दोर त्याच्या अंगावर पडल्याला.
मी बाजूच्याच दोराला होतो."

बाजूच्या : बिसाइड, नेक्स्ट टू.
डोक्यात आपोआप आलं. बावीस वर्षं शिकवल्यावर
डोकं असं होतं, त्याची लाज वाटली.

"दोरासकट पडला, बाई. दोरासकट.
त्येला त्यांच्यात शब्द हाय का न्हाई?"

आहे. मी तो सहाव्या आठवड्यात शिकवते,
टी विथ शुगर, असलं काहीतरी उदाहरण देऊन.
त्याच्या वहीत ओळ लिहून दिली. बाकी सगळं तेच,
एक शब्द खोडून एक शब्द.
त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं,
काचेवरचा डाग निघतो का बघावं तसं घासलं.

गुरुवारी बॅलार्ड इस्टेटला जायचंय त्याला,
तिसऱ्या मजल्यावर, साहेबाच्या केबिनमध्ये.
"साहेबासमोर उभं ऱ्हायचं, त्ये बिफोर का इन फ्रंट ऑफ?"
दोन्ही चालेल, मी म्हटलं.
त्या भाषेत नाव वाकत नाही, तेवढं लक्षात ठेव.

बरं म्हणाला. चपला घातल्या.
जिन्यात मोठ्यानं म्हणत उतरला,
वित, विट, वित्त.
पहिल्या मजल्यावर एकदा बरोबर आला.