मानस

बांधाला जिथं तोंड आहे, पाणी आत-बाहेर करतं,
तिथल्या लाकडी दाराला आमच्या चोडणात मानस म्हणतात.
सहावीत फोंड्याहून नव्या आलेल्या बाईंनी
फळ्यावर लिहिलं, मानस म्हणजे मन,
तेव्हा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.
आमच्या मनाला चिखलाचा वास होता
आणि त्याच्या फटीत कुर्ल्या राहायच्या.

आता चव्वेचाळीस चालू आहे.
पणजीत सरकारी खात्यात फायलींना दोरे बांधते,
सकाळी फेरीबोट, संध्याकाळी फेरीबोट,
आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी
वीजबिलाच्या पाठीवर लिहून काढलं :
खात्याची परीक्षा, या वेळी पास.
पोहणं. बेटावर जन्मून अजून येत नाही.
दादाशी बोलणं, कुळागराचा विषय न काढता.
रात्री दहानंतर दुसऱ्यांच्या सुखाचे फोटो बघणं बंद.

मंगळवारी वाटत होतं, मांडवीसुद्धा पिऊन टाकीन.
गुरुवारी त्याच कागदावर चहाचा कप ठेवला.
गोल डाग 'पोहणं'वर बरोब्बर बसला.

मागच्या खेपेला चार गुणांनी गेली परीक्षा.
रायबंदरच्या धक्क्यावर निकाल कळला.
हेल्मेटच्या आत रडता येतं,
काच खाली ओढली की फेरीवर कुणी विचारत नाही,
फक्त धुकं साचतं, आपल्याच श्वासाचं.
आणि दुसऱ्या दिवशी, त्याच फेरीवर,
कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडीनं मान बाहेर काढली
आणि मी हसत सुटले.
राग आला स्वतःचा. इतक्या लवकर?
फाईल अजून बंद कुठं झाली होती?

मानशीची पावणी यंदा इनासनं घेतलीय.
रात्री ओहोटीला जाळं लावतो, कंदील टांगतो.
मी विचारलं, हे दार एकदाचं घट्ट का लावून टाकत नाहीस?
काहीतरी शहाणपणाचं ऐकायच्या तयारीत उभी होते.
तो म्हणाला, "मग मी खाऊ काय, बाय?"
आणि सुंगटांच्या भावावर, मग स्वतःच्या गुडघ्यावर
बोलत राहिला.

भाद्रपदातल्या अवसेला मी बांधावर थांबले.
पाण्यानं दार ढकललं, दार मिटलं.
पहाटे पाणी उतरलं, दार आपसूक उघडलं.
कुणी समजूत घातली नाही, कुणी रागावलं नाही.
आत कोरगूट उभं होतं,
पायाशी जरा खारट, पण उभं.
बांधाला मात्र कुर्ल्यांनी भोकं पाडलेली.
ती चिखलानं लिंपावी लागतात, हातानं, दर वर्षी,
मन असो नसो.

कागद आता तांदळाच्या डब्याला चिकटवलाय.
शेजारी त्या दिवशीचं पाणी लिहिते.
सोमवार : भरती. धडा तिसरा, अर्धा.
बुधवार : ओहोटी, सगळ्यांवर चिडचिड. धडा तिसरा, उरलेला.
शनिवार : काहीच नाही. कपडे वाळत घातले.
दादाला फोन केला. कुळागर निघालंच, त्याच्याकडून.
ते खोडलं नाही.

पोहण्यात इतकंच झालंय :
इनासच्या सुनेनं, फिलूनं, पोंयीत कमरेएवढ्या पाण्यात नेऊन
मला पाठीवर आडवी केलं, मानेखाली एक हात.
कानात पाणी गेलं आणि सगळा गाव बंद झाला.
तिनं हात कधी काढला, कळलं नाही.
कळलं तेव्हा बुडाले.

परीक्षा नोव्हेंबरात, दुसऱ्या रविवारी.
त्या दिवशी मन कसं असेल, ठाऊक नाही.
फेरी साडेसातची.