पाण्याचा हट्ट

लोख्रिस्टीत त्या उन्हाळ्यात सात आठवडे पाऊस नव्हता.
काचघरामागच्या टाकीनं तळ दाखवला,
तळाशी एक हातमोजा,
डाव्या हाताचा, वान्नेसचा.
मी तो पाइपावर वाळत घातला
आणि नळ उघडला.

नळाचं पाणी म्हणजे चुना.
किटलीला आतून पांढरं अस्तर लावणारं.
अझेलियाला ते सोसत नाही.
दहा दिवसांत शेंड्याची पानं पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या,
कुणी पेन्सिलनं गिरवून ठेवल्यासारख्या.
लोह मातीत होतं. मुळांना खेटून होतं.
पण चुन्यानं त्याला कुलूप घातलेलं,
आणि नऊ हजार झाडं
भरल्या ताटाशी उपाशी.

माझे सासरे हेंटिल, एक्क्याऐंशीचे,
मीटरवर विश्वास ठेवत नाहीत.
चमचाभर पाणी तोंडात घोळवून थुंकले,
म्हणाले, "हट्टी आहे."

मी चष्मा चढवला, रबरी मोजे घातले.
आधी पाणी, मग त्यात आम्ल;
उलट कधीही नाही.
हे मला वान्नेसनं शिकवलं, लग्नाच्या वर्षी.
आता तो अँटवर्पच्या बंदरात क्रेन चालवतो.
नाताळला कार्ड येतं. माझ्या एकटीच्या नावे.

पहिलं माप. सात पूर्णांक आठवरून सात दोन.
दुसरं. सहा आठ.
तिसरं. साडेसहा.
बारीक बुडबुडे वर येत होते,
पाणी मी दिलेलं सगळं पीत होतं
आणि आकडा जागचा हलत नव्हता.
चौथं. सहा चार.
मी वैतागले. दोन मापं एकदम ओतली.

साडेतीन.

कागदावर तीनच पायऱ्या.
पण इथली प्रत्येक पायरी दहापटीची,
म्हणजे हजारपट आंबट,
एका वैतागात.

हेंटिल ओरडले नाहीत.
उलट्या कुंडीवर बसले, गुडघे चोळत.
"चुना असतो तोवर पाणी सहन करतं," म्हणाले,
"संपला की कोसळतं.
त्या दिवशी मीही
एक वाक्य जास्त बोललो."
कुठलं, ते मी विचारलं नाही.
भिंतीपलीकडे मीही होते त्या दिवशी.

बादली खडीवर ओतली. दगड फसफसले.
दुसरी भरली.
आता थेंबानं. सासरे मोजत होते
त्यांच्या आईच्या बोलीत,
ज्यात अकराला काहीतरी विचित्र शब्द आहे.
साडेपाचला त्यांनी हात वर केला,
मीटरच्या आधी.

तीन आठवड्यांनी नवी पानं आली, हिरवी.
जुन्यांतली काही सावरली,
बरीच पिवळीच राहिली; ती काढायची नसतात,
आपोआप गळतात.

सप्टेंबरात टाकी भरली.
हेंटिलनं नळ बंद केला, चव घेतली,
"हं" एवढंच म्हणाले.
मोजा अजून पाइपावर आहे.
वाळून कडक झालाय.
काल पाहिलं,
त्यांनी तो हातात चढवून बघितला होता,
उजव्या हातात,
आणि उलटा ठेवून दिला होता.